आत्याच्या पतसंस्थेचे अहवाल वाचनालयाच्याच कपाटात होते

प्रति,
महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, कार्यकारी मंडळांचे सदस्य आणि ग्रंथपाल यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजारगावात आडतीच्या गाळ्यावर दिवाणजी आहे. सव्वीस वर्षं झाली. हिशोबपट्ट्या लिहिणं, रोजमेळ घालणं, खतावणी करणं हे माझं काम. गावच्या वाचनालयाचा मी आठवीपासून सभासद आहे. माझं वाचन, माझी भाषा, मुलांना शिकवलं पाहिजे ही बुद्धी, हे सगळं मला त्या वाचनालयाने दिलं. म्हणून पुढचं पत्र तक्रार समजून वाचू नका, मागणं समजून वाचा. हे मागणं आमच्या एका वाचनालयापुरतं नाही. कायद्याने मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात हजारोंनी आहेत आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ठिकाणी गोष्ट सारखीच आहे.

माझ्या आत्याने शिवणकाम करून, उन्हाळ्यात पापड-कुरडया लाटून दोन लाख चाळीस हजार रुपये जमवले होते. ते तिने गावातल्या एका पतसंस्थेत मुदत ठेवीत ठेवले. व्याज बारा टक्के. शेजारच्या राष्ट्रीयीकृत बँकेत तेव्हा सात-साडेसातच्या वर कुणी बोलत नव्हतं. ठेवण्याआधी तिने मला विचारलं होतं, "तू हिशोबातला माणूस, तू सांग." मी पासबुक उघडून पाहिलं, शिक्का पाहिला, फलकावरची संचालकांची नावं वाचली. निम्मी माणसं ओळखीची, दोघं तर रोज गाळ्यावर चहाला येणारी. म्हटलं, ठेव बिनधास्त. २०१९ ची दिवाळी झाली आणि काउंटरवर "पुढच्या सोमवारी या" सुरू झालं. संक्रांतीला शटर अर्धं खाली आलं. आज अवसायकाकडे, म्हणजे बुडालेल्या संस्थेचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तिचा अर्ज पडून आहे. आतापर्यंत हातात आले ते अठ्ठावीस हजार.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाणी शिरलं. भिजलेली पुस्तकं वेगळी काढायला ग्रंथपालांनी आम्हा चार-पाच सभासदांना बोलावलं. त्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, कायम कुलपात. किल्ली कार्यवाहांच्या घरी असते. त्या दिवशी ते उघडलं. सगळ्यांत खालच्या कप्प्यात सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. वर त्या पतसंस्थेचाच वार्षिक अहवाल, खाली आणखी चार. २०१३-१४ ते २०१७-१८, सलग पाच वर्षं. प्रत्येकावर "सप्रेम भेट" लिहिलेलं आणि आमच्या वाचनालयाचा गोल शिक्का. गठ्ठ्याची गाठ कुणी सोडल्याची खूण नव्हती.

मी ते अहवाल मागून घेतले आणि तीन रविवार वाचनालयातच बसून वाचले. चौकटीच्या वहीत पाच वर्षांचे पाच रकाने पाडले आणि एकेक आकडा उतरवत गेलो.

थकबाकीचं शेकडा प्रमाण पहिल्या वर्षी ८, दुसऱ्या वर्षी ११, तिसऱ्या वर्षी १९. चौथ्या वर्षीच्या अहवालात प्रमाण छापलेलंच नव्हतं, नुसती थकीत रक्कम होती. एकूण येणे कर्जाने भागून पाहिलं तर २७ आलं. पाचव्या वर्षी थकीत कर्जाचं पानच गळालं होतं. लेखापरीक्षकाने कारभाराला दिलेला वर्ग पहिली दोन वर्षं "अ", तिसऱ्या वर्षी "ब". त्यानंतर अध्यक्षांच्या मनोगतात इमारतीच्या रंगकामाचा उल्लेख आहे, वर्गाचा नाही. शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, संचालक आणि त्यांच्या नातेवाईकांकडे येणे असलेल्या कर्जाचा तक्ता होता. दरवर्षी होता. तो दरवर्षी वाढत होता.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते "येणे व्याज". कर्जदाराने व्याज भरलेलं नाही, पण येणार आहे असं धरून ते ताळेबंदात जिंदगीच्या, म्हणजे मालमत्तेच्या, बाजूला लिहितात आणि नफा-तोटा पत्रकात उत्पन्न म्हणून दाखवतात. लिहिण्यात गैर काही नाही, मात्र ते व्याज थकायला लागलं की त्याच्यासमोर तेवढी तरतूद करावी लागते, म्हणजे ते बुडेल असं धरून नफ्यातून तेवढी रक्कम बाजूला काढावी लागते. इथे येणे व्याज पाच वर्षांत तिपटीवर गेलं होतं आणि तरतूद जेमतेम हलली होती. म्हणजे दर वर्षी वाजतगाजत वाटलेला लाभांश हा हातात न आलेल्या व्याजातला होता. मग रोख कुठून आली? नव्या ठेवींतून. त्यात आत्याची ठेव होती. मी स्वतः रोजमेळ लिहितो. नावे-जमा, येणं-देणं हेच माझं पोट. आत्याने मला विचारलं त्या दिवशी मी ही पाच पुस्तकं शेजारी मांडून पाहिली असती, तर तासाभरात तिला "नको" म्हणालो असतो.

आणखी एक गोष्ट मला त्याच रविवारी कळली, कारण ग्रंथपालांनी रिझर्व्ह बँकेची माहितीपुस्तिका शोधून दिली. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत, त्याआधी १ लाख रुपयांपर्यंत. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. आत्याच्या मनात "बँक"च होती, कारण काउंटर तसाच, पासबुक तसंच, शिपायाचा गणवेशही तसाच. हा फरक सांगणारी चार पानांची पुस्तिका मराठीत आहे, फुकट आहे, आणि आमच्या वाचनालयात ती आलेल्या टपालाच्या ढिगात होती.

हे सगळं छापलेलं होतं. मराठीत होतं. आत्याच्या घरापासून चारशे पावलांवर होतं.

मान्यवर हो, माझं मागणं एवढंच आहे. आपल्या गावाच्या पैशाविषयीचे जे कागद तुमच्याकडे येतात किंवा एका पत्रावर येऊ शकतात, ते कपाटातून काढून वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी मांडा. माणूस बुडाल्यावर त्यांचा उपयोग चौकशी अधिकाऱ्याला होतो. ठेव ठेवण्याआधी, कर्ज काढण्याआधी, माल विकण्याआधी तो आपल्या वाचकाला व्हायला हवा.

अर्थशास्त्राची पुस्तकं म्हणून आज तुमच्या मांडणीवर काय आहे, ते मी आसपासच्या सात-आठ वाचनालयांत जाऊन पाहिलं. स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शकं आहेत. लवकर श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारी भाषांतरं आहेत, त्यांना मागणीही आहे. महाविद्यालयाची जुनी क्रमिक पुस्तकं आहेत. ही काढून टाका असं मी म्हणत नाही. पण यातल्या एकाही पुस्तकात आपला तालुका नाही. आपल्या तालुक्यात ठेवी किती, कर्जवाटप किती, विहिरी किती, जनावरं किती, कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र, हे "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" या सरकारी पुस्तकात असतं. जिल्हा सांख्यिकी कार्यालय ते मराठीत काढतं. "महाराष्ट्राची आर्थिक पाहणी" दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत विधिमंडळात मांडली जाते, तीही मराठीत मिळते. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गाववार तक्ते असतात. मी विचारलं तेव्हा एका ग्रंथपालांनी मोकळेपणाने सांगितलं, "आम्हाला ही पुस्तकं अर्थशास्त्रात लावायची की शासकीय प्रकाशनात, तेच कळत नाही, म्हणून बाजूला ठेवतो." त्यांचा दोष नाही. दशांश वर्गीकरणात अर्थशास्त्र ३३० ला, बँक आणि पैसा ३३२ ला, सहकार ३३४ ला, हिशोबशास्त्र थेट ६५७ ला जातं. एकाच प्रश्नाची उत्तरं अशी चार फळ्यांवर विखुरतात. नव्या वाचकाने ती कशी जुळवावीत? म्हणून मी वेगळं टेबल मागतो आहे. नोंदवहीत क्रमांक काहीही असू देत.

कागद दिसत नसला, वाचता येत नसला की माणूस काय करतो, हे आपल्या मुलखाने पाहिलेलं आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी शोधले ते कर्जरोखे आणि गहाणखतं, आणि ती जाळली. माणसांना इजा फारशी झाली नाही. राग कागदावर होता. आपल्या नावावर काय लिहून ठेवलं आहे हे ज्याला वाचता येत नव्हतं, त्याच्या हाती तेवढाच उपाय उरला होता. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. आज कागद जाळायची गरज नाही, कारण तो छापून मिळतो. पण तो कुलपात राहिला तर आत्यासारखीला त्याचा काय उपयोग?

आणि ग्रंथालयात बसून सरकारी कागद वाचण्याची परंपरा काही परकी नाही. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये मांडलं. ते त्यांनी प्रांताप्रांताच्या सरकारी अहवालांतले पिकांचे, क्षेत्राचे, भावांचे आकडे जुळवून काढलं, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्याला सरकार किती खर्च करतं तेही सरकारच्याच अहवालांतून काढून शेजारी ठेवलं. आकडे सरकारचेच होते. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्यामागे तिथल्या ग्रंथालयांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून वाचलेले चलन समित्यांचे अहवाल आहेत. राज्य शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाचे खंड तुमच्यापैकी अनेकांकडे असतील. सहाव्या खंडात तो प्रबंध आहे. जयंतीला हार घालताना तो खंड टेबलावर उघडा ठेवता येईल. पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. धनंजयराव गाडगीळांचं नाव लावणाऱ्या तिच्या ग्रंथालयाने जुने अहवाल, पुस्तकं हजारोंनी स्कॅन करून सगळ्यांना खुली केली आहेत. पुण्याला न जाता आमच्या गावच्या वाचनालयातल्या संगणकावर ती उघडतात. मी उघडून पाहिली आहेत.

आता एक चांगली गोष्ट सांगतो, कारण हे जमतं हे मला तुम्हाला पटवायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गाळ्यावर येणारे एक शेतकरी, वय साठीच्या पुढचं, मला म्हणाले, "दिवाणजी, उन्हाळ कांदा एप्रिलात विकावा की चाळीत भरावा, याचा एकदा सोक्षमोक्ष लावा." चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. ज्याला त्याला भाव फुटलेलं एकच वर्ष आठवत असतं, त्यावर सगळी भांडणं. मी म्हटलं, रविवारी वाचनालयात या. तिथल्या अभ्यासिकेत एक मुलगी राज्यसेवेचा अभ्यास करते. तिला संगणक येतो, तिला विनंती केली. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर बाजार समितीवार असतात. आम्ही दहा वर्षांचे एप्रिल आणि सप्टेंबरचे सर्वसाधारण दर एक्सेलमध्ये उतरवले. चार रविवार गेले.

मुलीने पहिल्याच दिवशी सगळ्या दरांची सरळ सरासरी काढली. शेतकरी मान हलवून म्हणाले, "ताई, ज्या दिवशी पन्नास ट्रॅक्टर आले आणि ज्या दिवशी पाचशे आले, ते दोन दिवस सारखे कसे?" मग तिने आवकेचं वजन धरून सरासरी काढली, आकडा खाली आला. भारित सरासरी हा शब्द तिला पाठ होता. तो कशासाठी लागतो हे त्या दिवशी तिला कळलं, असं ती स्वतः म्हणाली. मग घट आली. चाळीतला कांदा वजनाने घटतो, काही सडतो. समजा शंभर किलोतले सत्तरच किलो विकायला उरले, तर एप्रिलात १,००० रुपये क्विंटल असलेल्या कांद्याला सप्टेंबरात १,४२९ रुपये मिळाले तरच नुसतं मुद्दल निघतं. चाळीचं भाडं, निवडाईची मजुरी, कर्जावरचं व्याज वेगळंच. हा रकाना घातल्यावर जी वर्षं नफ्याची वाटत होती त्यातली काही तोट्याची निघाली.

शेवटी आम्ही दरांच्या शेजारी सरकारी निर्णयांच्या तारखा लिहिल्या. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा निर्यातबंदी. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी, ती उठली ४ मे २०२४ ला. त्या मुलीने तारखा मार्गदर्शकातून न घेता मूळ अधिसूचनांतून घेतल्या, दोन ठिकाणी मार्गदर्शकात चूक सापडली. शेतकऱ्यांनी तो तक्ता छापून घरी भिंतीवर लावला आहे. त्यावर्षी त्यांनी निम्मा माल एप्रिलात काढला, निम्मा भरला. बरोबर की चूक हे मी सांगत नाही. पण त्यांनी तो निर्णय पारावरच्या गप्पांवर घेतला नाही. साठ वर्षांचा शेतकरी, बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि मी, आम्ही तिघं एका टेबलाला बसलो होतो. एरवी आम्ही त्या वाचनालयात तीन वेगळ्या खोल्यांत असतो.

अभ्यासिकेतल्या मुलांविषयी मला मनापासून काळजी वाटते. ती दिवसाचे बारा-बारा तास तुमच्या छताखाली बसतात. महागाईचा दर, वित्तीय तूट, रेपो दर त्यांना पाठ असतात, पण आर्थिक पाहणी त्यांनी उघडलेली नसते. तिच्या तक्त्यांखाली बारीक टीपा असतात. कोणता आकडा अस्थायी आहे, तुलनेसाठी कोणतं पायाभूत वर्ष धरलं आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. राष्ट्रीय उत्पन्नाचं पायाभूत वर्ष जानेवारी २०१५ मध्ये २००४-०५ वरून २०११-१२ वर नेलं गेलं. जुन्या मालिकेतला एक आणि नव्यातला एक आकडा उचलून "वाढ एवढी झाली" असं कुणी भाषणात म्हणालं, तर टीप वाचलेल्या मुलाला ते लगेच खटकेल. मार्गदर्शक वाचलेल्याला नाही खटकणार. यातली बहुतेक मुलं अधिकारी होणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण ती गावात राहतील, पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेला बसतील, ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक त्यांच्यासमोर येईल.

तर काय करावं लागेल? पैसा फारसा लागत नाही. दरवर्षी तुमच्या लेटरहेडवर काही पत्रं जावीत. गावातल्या प्रत्येक पतसंस्थेला, सहकारी बँकेला, दूध संघाला, साखर कारखान्याला, बाजार समितीला, विकास सोसायटीला वार्षिक अहवालाची एक प्रत मागावी. नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे अंदाजपत्रक मागावं. ज्यांच्याकडून येईल त्यांचा अहवाल टेबलावर, मागच्या वर्षांच्या अहवालांसह एका बाडात. ज्यांच्याकडून येणार नाही त्यांच्या नावापुढे नोंदवहीत तारखेसह लिहावं: मागितला, मिळाला नाही. बाकी टीकाटिप्पणी काही नको. ठेवीदार ती ओळ वाचेल.

अहवाल निर्लेखनात काढू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. जुना झाला म्हणून तो रद्दीत जातो, पण त्याची किंमत जुना झाल्यावरच वाढते. एका वर्षाच्या ताळेबंदावरून मलाही काही कळलं नसतं. पाच शेजारी ठेवल्यावर कळलं.

शब्द अडतात, हे खरं आहे. तरतूद, राखीव निधी, अनुत्पादक कर्ज, स्वनिधी म्हटलं की माणूस पुस्तक मिटतो. भाषा संचालनालयाने अर्थशास्त्राचा परिभाषा कोश काढलेला आहे, मराठी विश्वकोशातल्या बँकिंग, सहकार, चलन या नोंदी संगणकावर फुकट वाचता येतात. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं "अर्थसंवाद" त्रैमासिक आहे, "योजना" मासिक मराठीत निघतं. फक्त तेवढा एक संगणक दाखल्यांचे अर्ज भरण्याच्या रांगेतून दिवसाचे दोन तास सोडवा.

ग्रंथपालांवर आणखी बोजा टाकायचा माझा विचार नाही. त्यांचं मानधन किती आणि ते किती महिन्यांनी मिळतं, हे मला माहीत आहे. त्या पैशात ते जे करतात त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गावात निवृत्त बँक कर्मचारी असतात, वाणिज्य शिकवलेले शिक्षक असतात, माझ्यासारखे दिवाणजी असतात. रविवारी दोन तास त्यांना टेबलाशी बसवा. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी ग्रंथोत्सवात कविसंमेलनाबरोबर ताळेबंद वाचनाचंही एक सत्र ठेवलं तर मी स्वखर्चाने येईन.

मात्र एक पथ्य पाळावं लागेल. त्या टेबलावरून कुणालाही "इथे पैसे ठेव, इथून काढ" असा सल्ला दिला जाऊ नये. विम्याचे एजंट, शेअरच्या टिपा विकणारे, महिन्याला अमुक टक्के देतो म्हणणारे, यांना तिथे खुर्ची मिळता कामा नये, मग त्यांनी वाचनालयाला पंखे दिलेले असोत. वाचकाला कागद दाखवायचा, शब्दाचा अर्थ सांगायचा, मागचं वर्ष शेजारी ठेवून द्यायचं. ठरवायचं त्याचं त्याने. एखादी योजना संशयास्पद वाटली तर रिझर्व्ह बँकेचं "सचेत" हे संकेतस्थळ त्याला उघडून द्यावं. ठेवी गोळा करायची परवानगी कुणाला आहे ते तिथे तपासता येतं, तक्रारही करता येते.

आता जे कुणी बोलत नाही ते लिहितो. गावात माणसं मोजकी असतात. जो वाचनालयाचा अध्यक्ष, तोच पुष्कळदा पतसंस्थेचा संचालक किंवा त्याचा व्याही. त्यामुळे "आपण कुणाच्या भानगडीत पडायचं नाही" हे वाक्य मी मंडळाच्या बैठकीत ऐकलं आहे. मला ती अडचण समजते, त्या माणसांशी माझेही रोजचे संबंध आहेत. पण नीट विचार करा. वार्षिक अहवाल ही कुणाची चोरून आणलेली चिठ्ठी नव्हे. संस्थेनेच तो छापला, सभासदांना वाटला, तुम्हाला "सप्रेम भेट" लिहून दिला. सहकार कायद्याच्या कलम ३२ ने सभासदाला संस्थेची कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिलेला आहे. अहवाल मांडून ठेवणं हा कुणावरही आरोप होत नाही. उलट ज्या पतसंस्थेचा कारभार स्वच्छ आहे, तिला यातून फायदाच आहे. आमच्या गावात अशी एक आहे. व्याज कमी देते, कर्ज देताना कटकट करते, थकबाकी नगण्य आहे. आत्याने तिच्याकडे पाठ फिरवली होती ती अडीच टक्के जास्त मिळतात म्हणून. दोन्ही अहवाल एका टेबलावर असते तर कदाचित तिने फिरवली नसती.

आत्या आता बहात्तर वर्षांची आहे. मध्यंतरी तिला मी वाचनालयात नेलं. आयुष्यात पहिल्यांदा आली. त्या पाच अहवालांतलं शेवटून दुसरं पान तिने भिंगातून वाचलं, नावांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे तेव्हापासून इथेच होतं?" मी हो म्हणालो. ती आणखी काही बोलली नाही. घरी जाताना सभासद व्हायला किती अनामत लागते ते तिने ग्रंथपालांना विचारलं आणि पैसे भरले.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि अहवाल त्याआधी छापून येतात. तेव्हा मागणीची पत्रं ऑगस्टमध्ये जायला हवीत. पत्राचा मसुदा मी लिहून आमच्या ग्रंथपालांकडे ठेवला आहे, एका पानाचा आहे. ज्या मंडळाला हवा असेल त्यांनी त्यावर आपलं नाव घालून वापरावा. आमच्या गावातली पत्रं मी स्वतः हातोहात पोचवून पोच घेईन. तेवढी मागच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली या रविवारी दहाच्या आत ग्रंथपालांकडे आलेली असू द्या.

आपला,
वाचनालयाचा एक जुना सभासद
(कांदा मार्केट, आडत गाळ्यावरचा दिवाणजी)